पडलेला पूल पुन्हा उभा करताना

गेलेली वस्तू परत आणावी, निदान तिचे रूप तरी पुन्हा डोळ्यांपुढे उभे करावे, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. मूर्ती, चित्र, बखर, नाटक ही सर्व तिचीच अपत्ये होत. आमच्या काळात या इच्छेस संगणकाचे साह्य लाभले आहे. जुने आराखडे, जुनी छायाचित्रे आणि चौकशीची कागदपत्रे यांच्या आधारे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोसळलेला पूल पडद्यावर पुन्हा उभा करता येतो. इतकेच नव्हे, तर त्यावर गाडी घालून आणि वारा सोडून तो पुन्हा पाडताही येतो. पूल उभा करण्यास कोणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु तो पुन्हा पाडावयाचा, आणि त्यासमवेत गाडीतील माणसेही पुन्हा पाण्यात लोटावयाची, यास नीतीच्या दृष्टीने आधार काय, आणि एवढे करून आपणांस जे कळते ते नेमके कोणत्या जातीचे ज्ञान, या दोन प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

यवतमाळात बसून हा विचार करण्यास कारण आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा या गावांवरून मूर्तिजापुरास जाणारी अडीच फुटी रुळांची लहान रेल्वे साऱ्या वऱ्हाडात ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने प्रसिद्ध आहे. कापसाच्या वाहतुकीसाठी किलिक निक्सन या इंग्रज पेढीने ती विसाव्या शतकाच्या आरंभी घातली. मँचेस्टरास १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत असे. पुढे डिझेलचे इंजिन आले, आणि आता तर गाडीच बंद पडली आहे. रुळांत गवत माजले आहे आणि ओढ्यानाल्यांवरचे लहान लहान पूल भारावाचून उभे आहेत. दुसऱ्या बाजूस वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठ्या रुळांचा मार्ग होत आहे. वर्धा नदी ओलांडून कळंबपर्यंत येणारा त्याचा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. काही पूल विस्मृतीत जात आहेत आणि काही नव्याने उभे राहत आहेत. अशा संधिकाळी पडलेल्या पुलांचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये. मात्र ज्या अपघाताची संगणकाच्या साह्याने पुनःपुन्हा छाननी झाली, असा एखादा पाहावयाचा तर आम्हांस प्रथम स्कॉटलंडात जावे लागेल.

स्कॉटलंडात डंडी शहराजवळ टे नदी समुद्रास मिळते. तिच्या रुंद पात्रावर टॉमस बाउच या अभियंत्याने जवळजवळ दोन मैल लांबीचा रेल्वेचा पूल बांधिला व तो १८७८ साली लोकांसाठी खुला झाला. त्या काळी एवढा लांब पूल जगात दुसरा नव्हता. पुढल्या वर्षी व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि बाउच यास ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १८७९ रोजी, रविवारी सायंकाळी मोठे वादळ झाले. गाडी पुलाच्या मध्यभागी आली असता मधले तेरा उंच गर्डर गाडीसकट नदीत गेले. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. पुलावर येण्यापूर्वीच्या स्थानकात तिकिटे गोळा केलेली होती. त्यांवरून मृतांची संख्या सुमारे ७५ असावी असा अंदाज बांधण्यात आला, आणि तोच आकडा शतकभर चालत राहिला. पुढे मृत्यूची नोंदपत्रे तपासली गेली तेव्हा ५९ नावे निश्चित झाली. ती नावे कोरलेली स्मारके नदीच्या दोन्ही तीरांवर उभी राहण्यास २०१३ साल उजाडावे लागले. पुलाची मोजमापे पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. माणसांची नावे मिळावयास एकशे चौतीस वर्षे लागली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अपघातानंतर तिघांचे चौकशी न्यायालय बसले. पुलाची योजना सदोष, बांधणी सदोष आणि देखभालही सदोष होती, असा त्याचा निष्कर्ष निघाला, आणि अध्यक्ष रॉदरी यांनी मुख्य दोष बाउच याजवर ठेविला. वाऱ्याच्या दाबासाठी आपण निराळी अशी काही तरतूद केली नव्हती, हे बाउचने साक्षीत कबूल केले होते. अपघातास वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८८० मध्ये, तो मरण पावला. न्यायालयाने एक मोठे शहाणपणाचे काम केले होते. मोडक्या खांबांची व पडलेल्या लोखंडाची छायाचित्रे त्याने लगोलग काढवून घेतली. त्यांच्याच बळावर पुढल्या शतकातील विद्वानांस तो पूल पुन्हा तपासता आला. १९९५ साली मार्टिन व मॅक्लाउड या दोघा अभियंत्यांनी संगणकाने गणित करून दाखविले की, त्या रात्रीचा वारा तो पूल पाडण्यास पुरेसा होता. पुढे काही वर्षांनी पीटर लुईस व केन रेनॉल्ड्स यांनी तीच जुनी छायाचित्रे पुष्कळ मोठी करून न्याहाळली आणि निराळा निष्कर्ष काढिला. खांबांना जोडलेल्या तिरप्या पट्ट्या ओतीव लोखंडाच्या ज्या कानांत बसविलेल्या होत्या, ते कान गाड्यांच्या हेलकाव्यांनी महिनोन्‌महिने थकत आले होते, आणि वादळाने केवळ शेवटचा धक्का दिला, असे त्यांचे मत पडले.

येथे पहिला बोध मिळतो. पुरावा तोच आणि गणिताची साधनेही उत्तम. तथापि जाणत्यांचे एकमत झाले नाही. याचे कारण उघड आहे. संगणक स्वतः काहीच पाहत नाही; त्यात आपण जे घालावे त्याचे फलित तो दाखवितो. वारा किती होता, लोखंड किती कच्चे होते, जोड किती सैल होते, यांपैकी प्रत्येक आकडा कोणीतरी मनुष्य निवडून घालतो, आणि अशी निवड म्हणजे एक प्रकारचा अभिप्रायच होय. गणिताच्या कागदावर तो अभिप्राय दिसतो. पान उलटून त्याशी वाद घालता येतो. परंतु तोच अभिप्राय जेव्हा पडद्यावर पाणी, अंधार, वादळ आणि कोसळते डबे यांचे रूप घेऊन येतो, तेव्हा तो अभिप्राय आहे हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. त्यास वाटते, आपण प्रत्यक्ष पाहिले.

यावर कोणी म्हणेल की, नाटक तरी दुसरे काय करते? शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रकरणाभोवती आमच्या नाटककारांनी नाटके रचिली आणि कोणी त्यांस पातकी म्हटले नाही. आक्षेप योग्य आहे. पण त्याचे उत्तरही त्यातच आहे. नाटक आपण नाटक आहो हे लपवीत नाही. रंगलेले तोंड, पडदा आणि नांदी ही सर्व प्रेक्षकास पदोपदी बजावीत असतात की, हे सोंग आहे. त्यातील सत्य तू तुझ्या विवेकाने शोध. संगणकातील दृश्य आपणांस साक्षीदार म्हणवून घेते. ते मोजमापांवर उभे असते, म्हणून ज्या भागाचे मोजमाप कोणापाशीच नाही तो भागही मोजल्यासारखा भासू लागतो.

पेशवाईतीलच दुसरे एक उदाहरण येथे अधिक जुळते. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय राहिला आणि पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. या संशयाच्या पोकळीतच भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याच्या मागे जे लोक लागले ते सर्वच मूर्ख किंवा लबाड होते असे नव्हे. अनेकांच्या अंतःकरणातील इच्छेस त्याने चेहरा दिला, हे त्याच्या यशाचे मर्म होते. १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले, तरी त्याच्याविषयीची कुजबुज लगेच थांबली नाही. आपणांस जे माहीत नाही त्याचा चेहरा अतिशय रेखीव करून पुढे ठेवणे, हे तोतयाचे लक्षण होय. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, पडलेल्या पुलाच्या पुनर्रचनेत जेवढे ज्ञात तेवढे ठसठशीत आणि जेवढे तर्काचे तेवढे फिके दाखविलेच पाहिजे. जी पुनर्रचना आपला संशय झाकते, ती कितीही सुंदर असली तरी पुलाचा तोतयाच होय.

आता दुसरा व अधिक कठीण प्रश्न घेऊ. समजा, सर्व विद्वानांचे एकमत झाले आणि पुलाचा कोणता भाग कोणत्या क्षणी तुटला हे निर्विवाद ठरले. तरी त्यामुळे आपणांस कळले काय? पुलाच्या पडण्याचे कारण कळले. त्या अपघाताचा दोष कोणाचा, हे मात्र त्यावरून कळत नाही. कारण व दोष या दोन गोष्टी आपण बोलताना सहज एक करून टाकतो; परंतु कारण हे वस्तूत राहते आणि दोष हा मनुष्याच्या जाणण्यात आणि न बोलण्यात राहतो.

टेच्या पुलावर हेन्री नोबल नावाचा एक निरीक्षक नेमलेला होता. त्याचा अनुभव वीट-दगडांच्या कामातला. लोखंडाची विद्या त्यास शिकविलेली नव्हती. पूल सुरू झाल्यावर काही महिन्यांतच त्यास गाडी जाताना पट्ट्या खडखडत असल्याचे ऐकू आले. त्याने पाहिले तो जोड सैल झालेले. तेव्हा त्याने लोखंडाचे तुकडे आणून त्या सांध्यांत ठोकून बसविले आणि खडखड बंद केली. बाउच यास त्याने हे कळविले नाही. आपले काम आपण चोख केले, असे त्यास वाटले असावे. वस्तुतः पुलाने जी एकमेव तक्रार करता येण्याजोगी होती ती केली, आणि ती ऐकणाऱ्याने प्रामाणिकपणे तिचे तोंड बंद केले. दुसरी गोष्ट अशीच. डंडीचा एक माजी नगराध्यक्ष नेहमी त्या गाडीने येत जात असे. गाडी फार वेगाने नेतात व डबे हलतात, असे त्याने स्थानकाच्या अधिकाऱ्यास पुनःपुन्हा सांगितले. उपयोग होत नाही असे पाहून त्या दिशेने पुलावरून येणे त्याने सोडले व तो नावेने नदी उतरू लागला. पुलास रंग देणाऱ्या मजुरांनीही पूल हलत असल्याचे पुढे चौकशीत सांगितले. म्हणजे निरीक्षकास ठाऊक होते, उतारूस ठाऊक होते, मजुरास ठाऊक होते. ज्याला गणित येत होते, त्याच्यापर्यंत मात्र त्यांपैकी काही पोचले नाही.

संगणकात वाऱ्याचा दाब घालता येतो, गाडीचे वजन घालता येते, लोखंडाची ताकद घालता येते. नोबलचे मौन त्यात कोठे घालावे? तो नावेने जाऊ लागलेला उतारू कोणत्या खांबावर दाखवावा? आमच्या मते त्या पुलावर वाऱ्याइतकाच या मौनाचाही भार होता, आणि त्याचे माप कोणत्याही यंत्रास घेता येत नाही. पडद्यावरील दृश्य पाहून उठणारा प्रेक्षक म्हणतो, ‘केवढे हे वादळ!’ साक्षींची ती कागदपत्रे वाचून उठणारा वाचक म्हणतो, ‘अरेरे, इतक्यांस ठाऊक होते!’ पहिल्या उद्गाराने कोणाचेच काही बदलत नाही. दुसऱ्याने मात्र मनुष्य आपल्या स्वतःच्या कचेरीकडे, आपल्या घराच्या भिंतीकडे, आपल्या न बोललेल्या गोष्टींकडे वळून पाहतो.

आमच्या प्रांतात अशी उदाहरणे नाहीत असे कोणी समजू नये. भोर घाटातील रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि पंचवीस बोगदे व आठ मोठे कमानी पूल असलेले ते काम साऱ्या जगात नावाजले गेले. अवघ्या चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, त्यांपैकी एक दगडी कमानींचा पूल कोसळला. बांधकामच निकृष्ट होते, असे निष्पन्न झाले आणि कंपनीस आपल्या इतर दगडी पुलांचीही तपासणी करणे भाग पडले. तो पूल आज कोणी संगणकावर उभा केला, तर दगड आणि चुना यांची ताकद तो अजमासे घालू शकेल. परंतु वाईट चुना कालविला जात असता तो वाईट आहे हे ज्या गवंड्यास हाताच्या स्पर्शानेच कळले असेल, आणि ज्याचे बोलणे ऐकून घेण्याची सोय त्या कामावर कोणी केली नव्हती, त्या गवंड्याचा पत्ता कोणत्याही गणितात लागणार नाही.

अगदी जवळचे उदाहरण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीचे आहे. महाडजवळ सावित्री नदीवरील, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या व एक मोटार माणसांसकट अंधारात नदीत गेली. तो पूल रेल्वेचा नव्हता, हमरस्त्याचा होता. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात भेद नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तीत धोका आढळला नव्हता, असे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. वर्षाच्या आत तेथे नवा पूल झाला. आता त्या रात्रीचे दृश्य कोणी हुबेहूब निर्माण करून घरोघर दाखवू लागला तर? ज्यांची माणसे त्या गाड्यांत होती ती घरे कोकणात आणि मुंबईत आजही आहेत. त्यांपैकी काहींस तर अंत्यसंस्कारासाठी देहही मिळाला नाही. त्या घरातील आईस आपल्या मुलाची गाडी पुन्हा पुन्हा पाण्यात जाताना पाहावयास लावणे, हे कोणत्या शास्त्राच्या नावाने क्षम्य ठरेल? उलटपक्षी, पुराच्या पाण्याने पायाखालची वाळू किती खरवडली जाते, जुन्या कमानी किती लोंढा सोसतात, याचे गणित त्याच पुलाची प्रतिकृती करून अभियंत्यांनी मांडले नाही, तर तेही अक्षम्यच होईल. कारण तशाच वयाचे पूल आजही वाहते आहेत.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. अपघात किती जुना, हा प्रश्न गौण होय. दीडशे वर्षे उलटली म्हणून मृत मनुष्य आमच्या करमणुकीचा विषय होत नाही. मुख्य प्रश्न दोन. ही पुनर्रचना कोणत्या उभ्या पुलासाठी केली? आणि तीत मृतांस कोणते स्थान दिले? ज्या पुनर्रचनेमुळे उभा असलेला एखादा पूल तपासला जातो, ती मृतांच्या नावाने केलेले तर्पणच समजावे. जी केवळ कोसळण्याचा थरार देते, ती मृतांस दुसऱ्यांदा तिकिटांच्या हिशेबात मोजते. श्राद्धात आपण पितरांचे नाव व गोत्र उच्चारतो. त्यांच्या मरणाचे सोंग आणीत नाही. ही रीत ज्याने घातली त्यास मृतांचा मान कशात आहे हे चांगले कळले होते, असे आम्हांस वाटते.

येथे एक शंका आमच्या मनातही येते, ती वाचकांपासून लपवीत नाही. चित्राची शक्ती मोठी आहे. शंभर पानांची साक्ष किती लोक वाचणार? एका दृश्याने हजारो लोक हलतात, आणि लोक हलल्यावाचून सरकारी दप्तर हलत नाही, असाच सर्वांचा अनुभव आहे. मग दृश्याचा असा त्याग करणे परवडेल काय? आमचे उत्तर असे की, त्याग करू नये. दृश्य अपघातापूर्वीच थांबवावे. पूल उभा करा, त्यावरून गाडी जाऊ द्या, आणि सांध्यातील खडखड लोकांस ऐकू द्या. तो निरीक्षक हातात लोखंडाचा तुकडा घेऊन उभा आहे, एवढे दाखवा, आणि तेथे पडदा टाका. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. पुढे काय होऊ शकले असते, हा विचार मात्र त्या जागी थांबल्यानेच सुचतो.

आणि म्हणून आम्ही पुन्हा आमच्या जिल्ह्याकडे येतो. शकुंतलेच्या मार्गावरील पुलांची मोजमापे कोणी घेणार असेल, त्यांची रूपे संगणकात जतन करणार असेल, तर त्या कार्यास आमचे मनःपूर्वक अनुमोदन आहे. परंतु त्यासमवेत, त्या रुळांवर ज्यांनी हातोडी घेऊन उन्हापावसात फेऱ्या घातल्या, त्या गँगमनांचे बोलणेही टिपून घ्यावे. कोणता पूल पावसात कसा वाजत असे, कोठे गाडी हळू नेत असत, कोणती गोष्ट त्यांनी वर कळविली आणि कोणती कळविण्याचे धैर्य झाले नाही, हे त्यांच्याखेरीज कोणास सांगता येणार नाही. लोखंड आणखी पुष्कळ वर्षे राहील. ती माणसे तेवढी राहणार नाहीत.

नव्या मार्गावर उद्या यवतमाळपर्यंत मोठी गाडी येईल, आणि आम्हीही कौतुकाने तीत बसू. तिच्या पुलांची गणिते संगणकाने केलेली असतील आणि ती टेच्या पुलाच्या गणिताहून कितीतरी निर्दोष असतील, यात आम्हांस संशय नाही. तरी त्या पुलाखालून हिंडणाऱ्या एखाद्या कनिष्ठ नोकराच्या कानावर कधीतरी काही खडखड येईलच. त्या वेळी ती बंद करण्यासाठी लोखंडाचा तुकडा शोधण्याऐवजी ती सांगण्यासाठी एखादा वरिष्ठ त्यास सापडावा, आणि त्या वरिष्ठाने हातातील काम बाजूस ठेवून त्याचे बोलणे ऐकावे, एवढीच आमची इच्छा आहे.